डुक्कर फियाटचा मूळ रंग

पद्माकर बेहेरेने शुक्रवारी जेवताना जाहीर केलं की रविवारी दुपारपर्यंत गाडी निळी होईल, आणि या कामात बाहेरच्या एकाही माणसाचा हात गाडीला लागणार नाही. शुभदा ताक वाढत होती. मागच्या दिवाळीत बाथरूमचा नळ ज्या हातांनी दुरुस्त केला आणि मग आठवडाभर शेजाऱ्यांकडे आंघोळीला जावं लागलं, तेच का हे हात, एवढंच तिने विचारलं. पद्माकरने ते ऐकलं नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला न ऐकण्याची कला साधलेली असते.

गाडी म्हणजे डुक्कर फियाट. पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, नाकाड पुढे काढून उभी राहणारी. मागून एकदा पाहिली की हे नाव का पडलं ते कुणाला विचारावं लागत नाही. ती पद्माकरच्या वडिलांची, तात्यासाहेबांची. तात्यासाहेब कराडचे गुरांचे डॉक्टर. आसपासच्या गावांत त्या गाडीचा हॉर्न वाजला की आजारी म्हैस उठून उभी राहते अशी ख्याती होती. चांगल्या धडधाकट म्हशी दावं तोडून पळत, ते त्या ख्यातीत धरत नसत.

दिल्लीत एशियाड झालं त्या सुमाराला तात्यांनी गाडी चालवणं सोडलं आणि पद्माकरने ती मालगाडीने दिल्लीला आणली. तेव्हा तो लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचा. आणल्या आणल्या त्याने तिला पांढरा रंग दिला. दिल्लीत पांढऱ्या गाडीला फाटकं आपोआप उघडतात, हा शोध त्याला नुकताच लागला होता. आणि खरंच, पांढऱ्या फियाटमध्ये बसून तो एकदा रस्ता चुकून भलत्याच मंत्रालयाच्या आवारात शिरला तर तिथल्या शिपायाने सलाम ठोकला. पद्माकरने सलाम घेतला, आवारात एक चक्कर मारली आणि बाहेर पडला. तो दिवस त्याला फार आवडला होता.

आता क्वार्टर सोडून तो द्वारकेच्या नव्या सोसायटीत आला होता, तिसऱ्या मजल्यावर, स्वतःच्या फ्लॅटमध्ये. द्वारकेत तेव्हा माणसांपेक्षा क्रेन जास्त होत्या. पाणी टँकरने यायचं, भाजीवाला आला तर उत्सव वाटायचा, आणि डोक्यावरून विमानं इतकी खालून जायची की बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल हलायचे. मुलगा अनिश बंगलोरला, सॉफ्टवेअरमध्ये. आई, गिरिजाबाई, गेल्यावर कराडचं घर विकलं आणि पद्माकर तात्यांना इथे घेऊन आला.

तात्यांना हे घर लॉज वाटायचं. तक्रार काही नव्हती. चहा वेळेवर मिळतो, चादरी स्वच्छ असतात, असं ते शुभदाला कौतुकाने सांगायचे. सकाळी ते पद्माकरला ओळखायचे, पेपरातली बातमी वाचून दाखवायला सांगायचे. दिवस कलला की मात्र पद्माकर हळूहळू लॉजचा मॅनेजर व्हायचा. ऑफिसातून तो घरी पोचेपर्यंत तात्या कोट घालून, छत्री आणि औषधांची जुनी बॅग घेऊन दाराशी तयार असायचे. खोली सोडतोय, गाडी काढायला सांगा, म्हणायचे.

पहिल्या दिवशी पद्माकर त्यांना आनंदाने खाली घेऊन गेला. फियाट उभी होती. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, अदबीने दोन पावलं मागे सरले आणि म्हणाले, "ही कलेक्टरांची दिसते. आपली निळी आहे."

पद्माकरने परोपरीने समजावलं. नंबर दाखवला, हॉर्न वाजवून दाखवला. तात्यांनी सगळं सौजन्याने ऐकून घेतलं. मग ते पार्किंगच्या कडेच्या बाकावर जाऊन बसले, बॅग मांडीवर घेतली, आणि निळ्या गाडीची वाट पाहू लागले. अंधार पडल्यावर आज येत नाहीसं दिसतं असं म्हणून वर आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ते रागावले असते, भांडले असते, तर पद्माकरला सोपं गेलं असतं. ते नुसते वाट पाहायचे. लहानपणी याच माणसाची वाट पाहत तो ओसरीवर बसलेला असायचा, आणि लांबून ती निळी पाठ दिसली की धावत सुटायचा. आता बाकावर तात्या होते, आणि रस्त्याच्या वळणावरून येण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हा गाडी निळी करणं आलंच.

पण कुठली निळी? पद्माकरच्या मते नीळ घातलेल्या पाण्यासारखी. शुभदाच्या मते ती मुळात हिरवीच होती. ती लग्न होऊन त्याच गाडीतून कराडात आली होती, आणि माप ओलांडण्याआधी तिने सासरचं पहिलं काही पाहिलं असेल तर ते त्या गाडीचं दार. यावरून दोघांत चार दिवस अबोला होता. शेवटी डिकीचं रबर उपटल्यावर खालून बोटभर मूळ रंग निघाला. निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर राखाडी. ऊन उतरल्यावर कृष्णेचा डोह दिसतो ना, तसा. दोघं डिकीत डोकं घालून तो बोटभर रंग बराच वेळ बघत राहिली. कुणाचं बरोबर होतं हा विषय पुन्हा निघाला नाही.

करोल बागेतल्या एका रंगवाल्याने तो रंग जुळवून दिला. पाच वेळा डबा परत नेल्यावर त्याने पद्माकरला चहा पाजला आणि हात जोडले, पण सहाव्यांदा रंग जुळला. बंगलोरहून अनिशने फोनवर सांगितलं की बाबा, सरळ एखाद्या चांगल्या वर्कशॉपला द्या. पद्माकर म्हणाला, ही तुझ्या आजोबांची गाडी आहे, भाड्याची टॅक्सी नाही. शिवाय त्याच्याकडे यंत्र होतं.

यंत्र म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. त्या काळात टाय लावलेली मुलं दारोदार फिरून ते विकायची. सोफ्यातली धूळ ओढून दाखवायची आणि मग घरच्या बाईला तिच्याच घराची लाज वाटायला लावायची. शुभदाने तो धुळीसाठी घेतला होता. पद्माकरने त्याच्या खोक्यात तळाशी पडलेली स्प्रे गन पाहून ठेवली होती. माहितीपत्रकात एक बाई हसत हसत लोखंडी फाटक रंगवताना दाखवली होती. जे त्या बाईला साडी नेसून जमतं ते आपल्याला हाफ पँटमध्ये का जमू नये, असा त्याचा साधा हिशेब होता.

महिनाभर रोज सकाळी त्याने पॉलिश पेपरने पांढरा रंग घासला. खड्ड्यांत लांबी भरली, पुन्हा घासली. ऑफिसच्या चार्टर्ड बसमध्ये तो बसला की शेजारचे लोक पिठाच्या गिरणीत नोकरीला लागलात का विचारायचे.

रविवार उजाडला. खाली प्लग नव्हता, म्हणून तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून वायर सोडली. बटण आणि जोर कमीजास्त करायची कळ वर, शुभदाच्या ताब्यात. मे महिन्यातली कूलरची घरघर, मशीनचा आवाज आणि तीन मजल्यांचं अंतर, बोललेलं ऐकू जाणार नाही, म्हणून खुणा ठरल्या: एक हात वर केला की चालू, दोन्ही हात वर केले की बंद. रंग मारणाऱ्याच्या एका हातात गन असते, हा विचार दोघांच्याही मनात आला नाही.

शेजारी खुराणासाहेबांची झेन उभी होती. खुराणा सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेत हेड कॅशियर. आवाज असा की त्यांनी तळमजल्यावर पंप बंद करा म्हटलं की शेजारच्या सोसायटीचा पंप बंद व्हायचा. आयुष्यभर चौघांचं कुटुंब स्कूटरवर वाहून नेल्यानंतर त्यांनी ही पांढरीशुभ्र नवी मारुती घेतली होती. आदल्याच दिवशी आली होती. बॉनेटवर झेंडूचा हार होता, सीटवर प्लास्टिक होतं, आणि ते प्लास्टिक काढायचं नाही अशी घरात सगळ्यांना ताकीद होती. पद्माकर शेजारधर्माला जागला. त्याने शुभदाची पाहुण्यांसाठी ठेवलेली सोलापुरी चादर आणून झेनवर पांघरली आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवल्या.

मग त्याने एक हात वर केला.

सुरुवात इतकी सुरेख झाली की पद्माकरला नोकरीत वाया गेलेली वर्षं आठवून वाईट वाटलं. डावा दरवाजा निळा झाला, डावं मडगार्ड निळं झालं, आणि कृष्णेचा तो डोह हळूहळू द्वारकेच्या पार्किंगमध्ये उतरू लागला. तो स्वतःशी गुणगुणत होता. त्यामुळे पश्चिमेचं आकाश आधी पिवळं आणि मग विटकरी झालेलं त्याने पाहिलं नाही. बाल्कनीतून शुभदा ओरडत होती तेही मशीनमुळे ऐकू आलं नाही.

दिल्लीची आंधी सांगून येत नाही. अख्खं राजस्थान पोत्यात भरून आणावं आणि तुमच्या दारात झटकावं तशी ती येते. पहिल्या झोताला विटा कलंडल्या आणि सोलापुरी चादर उठली. ती दोन मजल्यांइतकी वर गेली, क्षणभर विचारात पडल्यासारखी थांबली आणि पलीकडच्या 'येथे भव्य शॉपिंग कॉम्प्लेक्स' या पाटीवर जाऊन बसली. पद्माकरने बंद कर म्हणून हात वर केला. एक हात. शुभदाने वरून पाहिलं: एक हात, म्हणजे चालू. चालू तर आहेच, मग हे पुन्हा का सांगतायत, बहुधा जोर वाढवायला हवा असेल, असं समजून तिने कळ शेवटपर्यंत फिरवली. पद्माकरने गन टाकून दोन्ही हात वर केले, पण तोवर धुळीत त्याला स्वतःचेच हात दिसेनासे झाले होते. गनचा घोडा रंगाने चिकटून बसला होता. जमिनीवर पडलेली गन पाइपसकट वळवळत चहूकडे फवारा सोडू लागली. दिल्लीत वारा येणार अशी नुसती अफवा उठली तरी वीज जाते. त्या दिवशी गेली नाही.

धूळ बसली तेव्हा फियाटची डावी बाजू निळी होती आणि त्यात थरचं अर्धं वाळवंट रुतून बसलं होतं. काडी ओढली असती तर पेटली असती. उजवी बाजू घासून भुंड्या झालेल्या भिंतीसारखी. आणि झेन. झेनला देवी आल्या होत्या. बॉनेट, छप्पर, काचा, हार, सगळीकडे निळे फोड.

खुराणा खाली आले. पद्माकरने कान आणि मन दोन्ही घट्ट केले. पण खुराणा ओरडले नाहीत. त्यांनी हारातलं एक निळं झेंडूचं फूल काढलं, बोटांत धरून पाहिलं, आणि ते गाडीला टेकून उभे राहिले. पद्माकर पुढे झाला. दोन्ही गाड्या आपण चांगल्या वर्कशॉपमध्ये रंगवून घेऊ, सगळी जबाबदारी माझी, असं तो तीनतीनदा म्हणाला. खुराणांनी मान हलवली. ते फूल खिशात घालून ते वर गेले.

नजफगढ रोडवर सैनी नावाच्या माणसाचं वर्कशॉप होतं. रस्त्याच्या पातळीला एक शेड, आणि उतारावरून खाली गेलं की एक मोकळं आवार. झेन वर शेडमध्ये लागली. खुराणांचा परक्या माणसांवर भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी तिच्यातून टेप, पायपुसणी, देवाची मूर्ती, स्टेपनीसुद्धा काढून घरी नेली. फियाटचा हँडब्रेक नावापुरता, त्यामुळे ती खालच्या आवारात ठेवली. तिथून पुढे घरंगळायला जागाच नव्हती. तिच्यात नेहमीसारखाच पसारा होता: तात्यांच्या उशा, गुरं बांधायचे दोर, कराडहून आलेली दोन पातेली. झेन पांढरी करायची आणि फियाट निळी, असं पद्माकरने सैनीला नीट सांगितलं. सैनीने डोळे मिटून ऐकलं. त्याला पद्माकर विचारपूर्वक ऐकणं समजला.

दोन दिवसांनी दुपारी घरी फोन वाजला. पद्माकर ऑफिसात होता. शुभदा गॅसवरची खीर ढवळत होती, आणि तात्या कोट चढवून दाराची कडी काढत होते. सैनीला विचारायचं होतं की हा निळा रंग नक्की कुठल्या गाडीवर मारायचा. शुभदाला नवऱ्याने सांगितलेलं आठवत होतं: आपली गाडी खाली आहे. एक डोळा खिरीवर, एक तात्यांवर ठेवून तिने उत्तर दिलं.

"वो जो खाली है ना, उसको नीला."

"खाली वाली को? पक्का?"

"हाँ हाँ, बिल्कुल खाली."

हिंदीत खाली म्हणजे रिकामी, हे शुभदाला माहीत नव्हतं असं नाही. इतकी वर्षं तिने याच भाषेत दूधवाल्याशी भांडणं जिंकली होती. पण खीर उतू जात असताना आणि सासरे जिन्यात पोचलेले असताना माणसाच्या तोंडून स्वतःचीच भाषा निघते. सैनीने दोन्ही गाड्यांत डोकावून पाहिलं. एक उशापातेल्यांनी भरलेली. दुसरी अगदी रिकामी, स्टेपनीसुद्धा नाही. हल्ली लोकांकडे नवा पैसा आलाय, त्यांच्या आवडीनिवडीही नव्या, असं म्हणून त्याने कामाला सुरुवात केली.

गाड्या आणायला पद्माकर आणि खुराणा बरोबरच गेले. सैनीने आधी फियाट दाखवली. ती पांढरी झाली होती. नुसती पांढरी नाही, पंतप्रधानांच्या ताफ्यात शोभेल अशी चकचकीत पांढरी. पद्माकर काही बोलायच्या आत सैनीने शेडमधल्या गाडीवरचा कपडा जादूगारासारखा ओढला.

खुराणांच्या तोंडून जे निघालं ते पंजाबीत होतं आणि इथे सांगण्यासारखं नाही. आवाज परत आला होता. सैनी फोनची गोष्ट सांगू लागला, शेडमधली माणसं जमली, दोघांची जुंपली. पद्माकरने त्यातलं काहीच ऐकलं नाही, आणि या वेळी ते सोंग नव्हतं. तो गाडीकडे बघत होता. तोच रंग होता. दाराच्या वळणावर जरा हिरवा, छपरावर जरा राखाडी, अगदी तोच. मारुतीच्या त्या चपट्या, कालपरवाच्या अंगावर त्याच्या लहानपणाची सगळी संध्याकाळ येऊन बसली होती. त्याने नकळत हात लावला. खुराणांनी तो हात झटकला.

शेवटी सैनीचं म्हणणं पडलं की नवा रंग महिनाभर मुरल्याशिवाय त्यावर दुसरा चढत नाही. महिन्याने आणा, फुकटात पांढरी करून देतो. पद्माकरने खुराणांची माफी मागितली, पुन्हा मागितली. खुराणा निळ्या झेनमध्ये बसले आणि निघाले. मागून पद्माकर पांढरी फियाट चालवत आला. फाटकावर सोसायटीच्या चौकीदाराने झेनला अडवलं आणि फियाटला सलाम केला.

संध्याकाळ होती. तात्या बाकावर बसले होते, शेजारी शुभदा. झेन वळणावरून आत आली. तात्या उभे राहिले. त्यांनी छत्री काखेत मारली, बॅग उचलली, तरातरा चालत गेले, पुढचं दार उघडलं आणि खुराणांच्या शेजारी बसले.

"किती उशीर केलास, पद्या."

पद्माकर फियाटमधून उतरून धावला. गेली कित्येक वर्षं त्याला कुणी पद्या म्हटलं नव्हतं. सकाळी ओळखत तेव्हाही तात्या त्याला पद्माकरच म्हणत. खिडकीशी वाकून तो म्हणाला, "तात्या, ही आपली गाडी नाही. उतरा."

तात्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मॅनेजर होता. त्यांनी लॉजमधल्या व्यवस्थेबद्दल त्याचे आभार मानले आणि काच वर केली.

खुराणांना मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यांनी शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, त्याच्या मांडीवरच्या बॅगेकडे पाहिलं. इतके दिवस जिन्यातून येताजाता ते त्याला त्या बाकावर बघत होते. पद्माकर दार उघडू लागला तसा त्यांनी आतून हात केला.

"रहने दो, बेहेरेसाब. बैठने दो." आणि त्यांनी गाडी वळवली.

ते परत आले तेव्हा दिवे लागले होते. शुभदाने तोवर सात वेळा पोलिसांना फोन करायचं काढलं होतं. झेनला चिखल लागला होता आणि तात्यांच्या कोटाच्या बाहीवर गवत. खुराणा जे सांगू लागले ते पद्माकरने पार्किंगमध्येच उभं राहून ऐकलं. म्हातारबाबा सगळ्या वाटेत बोलत होते. समजलं काहीच नाही. पण चौकात आलं की ते हाताने डावीकडे, उजवीकडे दाखवायचे, इतक्या खात्रीने की खुराणा वळत गेले. सोसायट्या संपल्या, क्रेन संपल्या, आणि एका गावाशी म्हशी दिसल्या तिथे त्यांनी थांबायला लावलं. उतरून सरळ एका म्हशीकडे गेले. तिच्या पोटाला कान लावला, पापणी ओढून पाहिली, आणि तिच्या हरयाणवी मालकाला मराठीत खडसावलं. मालकाने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि निघताना त्यांच्या पाया पडला.

"अजी, वहाँ तो वो कोई और ही आदमी थे," खुराणा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "ये पद्या क्या होता है?"

"नाम है," पद्माकर म्हणाला.

"किसका?"

पद्माकरने फियाटच्या चावीशी चाळा केला. "घर का नाम है."

महिना झाला. सैनीचा फोन आला की गाडी आणा. खुराणा म्हणाले, पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात त्यांच्या मेव्हण्याकडे गाझियाबादला लग्न होतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात ऑडिट. दरम्यान दर रविवारी संध्याकाळी ते तात्यांना निळ्या गाडीतून फेरी मारून आणू लागले होते. पद्माकर एकदा वर जाऊन त्यांना म्हणाला की आता लाजवू नका, मी स्वतः गाडी नेऊन पांढरी करून आणतो. खुराणा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज कमी केला.

"हमारे बाऊजी आख़िर तक बँटवारे में छूटी लायलपुर वाली साइकिल माँगते रहे," ते म्हणाले. "हम कहाँ से लाते?" आणि त्यांनी पुन्हा टीव्हीचा आवाज वाढवला.

मग पद्माकरच्या डोक्यात आलं की उरलेला रंग फियाटला द्यावा. डबा अर्धा शिल्लक होता. त्याने बोलून दाखवलं तेव्हा शुभदा तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला आणि म्हणाली, "अहो, मग निळ्या दोन होतील. आणि त्या गोंधळात तात्यांनी एकही ओळखली नाही तर?" डबा माळ्यावर गेला. फियाट पांढरीच राहिली. तिच्यात बसून पद्माकर भाजी आणायला जायचा आणि वाटेतले सलाम घ्यायचा. त्याला त्यात पूर्वीसारखी मजा वाटत नव्हती.

दर रविवारी तो बाल्कनीतून बघायचा. निळी गाडी फाटकातून बाहेर पडायची, दोन सोसायट्यांच्या मधल्या फटीत एकदा दिसायची, आणि मग दिसायची नाही. एवढा वेळ तात्या काय बोलत असतील, हे त्याला विचारायचं असायचं. कुणाला विचारणार? ज्याच्याशी ते बोलत त्याला मराठी येत नव्हतं, आणि ज्याला मराठी येत होतं तो मॅनेजर होता.

श्रावणातल्या एका रविवारी खुराणांनी त्याला खालून हाक मारली. आज तुम्हीही चला, म्हणाले, मागे जागा आहे. पद्माकरने चपला घातल्या न घातल्या आणि जिना उतरला. तो मागच्या सीटवर बसला. प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. जरा हललं की कुरकुर वाजायचं, म्हणून तो हात मांडीवर ठेवून पुढच्या काठावर टेकला.

गाडी सोसायट्यांच्या बाहेर पडली. तात्यांनी काच खाली केली आणि बोलायला लागले. ओगलेवाडीच्या एका अडलेल्या गाईची गोष्ट होती. पद्माकरला ती आठवत होती. तेव्हा फियाटमध्ये पुढच्या सीटवर तो होता आणि गोठ्यात कंदील त्याने धरला होता. तात्या सांगत होते, तू कंदील धरलास म्हणून जमलं रे, नाही तर गाय हातची गेली होती. खुराणा रस्त्याकडे बघत मधून मधून "हो, हो" म्हणत होते. एवढ्या रविवारांत त्यांनी मराठीतला तेवढा एक शब्द उचलला होता आणि तो ते अगदी योग्य ठिकाणी टाकत होते. पद्माकरने मान खिडकीकडे वळवली.

नाल्याचा पूल ओलांडल्यावर तात्यांना मागे कुणीतरी आहे अशी चाहूल लागली. त्यांनी वळून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पद्माकरने चेहरा जमेल तितका ओळखीचा केला. तात्या खुराणांकडे झुकले.

"पद्या, हे गृहस्थ कोण?"

"हो," खुराणा म्हणाले.

तात्यांचं समाधान झालं. ते पुन्हा मागे वळले, आणि आलेल्या माणसाला उगीच परकं वाटू नये अशा आवाजात म्हणाले, "असं अवघडून का बसलात? नीट बसा. गाडी घरचीच आहे."

पद्माकर हो म्हणाला, आणि मागे टेकून बसला.